वाळलेलं तेल, आटलेलं पाणी

"हाताला घाई नको रं पोरा. घाई दोराला असू दे."

अप्पाचा, म्हणजे बापाचा, हा आवाज माणिकप्पाच्या कानात लहानपणापासून राहायला होता. श्रावणातली मन्याड नदी, काठोकाठ गढूळ पाणी, पाण्यावर धुकं, आणि त्या धुक्याच्या पोटातून अप्पा बोलतोय. होडीत दोर ओढायला थोरला बसवराज. काठावर चिखलात उकिडवा बसून ऐकायला धाकटा माणिक. दिसायचं काहीच नाही. आधी अप्पाचा आवाज, मग होडीच्या इंजिनाचा एक ठसका, मग दुसरा, आणि मग साऱ्या धुक्यालाच कंठ फुटावा तशी भरभर. पलीकडच्या बाभळीवरचे बगळे उठायचे. माणिक गुडघे पोटाशी घट्ट धरायचा. देव बोलत असेल तर असाच बोलत असणार, असं त्याला वाटायचं.

आता तेच इंजिन त्याच्यापुढं तेलगिरणीच्या अंगणात पोत्यावर आडवं पडलं होतं, आणि मुकं होतं.

वर घागरीएवढं डोकं, खाली लांब लोखंडी मान, मानेच्या टोकाला पाण्यात फिरायचं पातं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा हैदराबादेत कुण्या नवाबाच्या बागेतल्या तळ्यावरचं सामान विकायला निघालं होतं. अप्पा तेलाचे डबे घेऊन गेला आणि परत येताना हे विलायती धूड मोटारीच्या टपावर घालून घेऊन आला. जिथं आठ महिने नदीच्या पात्रात गुरं चरतात तिथं होडीचं इंजिन! गाव पोट धरून हसलं. पण पावसाळ्यात पलीकडच्या बाजाराला करडीच्या तेलाचे डबे सगळ्यांच्या आधी जाऊन पोचायला लागले, तसं हसू विरलं. मग अप्पा गेला. त्याला घाण्याजवळच्या शेतात लिंगायतांच्या रीतीनं मातीत बसवलं, तळहातावर इष्टलिंग ठेवून. वर काळ्या दगडाचा ओटा बांधला. पुढच्याच पावसाळ्यात धरणाचं पाणी चढलं. जुनी शिवणी उठली आणि माळावर येऊन नवी शिवणी झाली. बैल आले, जाती आली, देवळातला नंदी आला. इंजिन गाडीत गादीवर निजून आलं. अप्पा तेवढा खाली राहिला. बसवलेल्या माणसाला उठवायचं नसतं, असं मठाच्या स्वामींनी सांगितलं होतं.

त्यानंतर तो ओटा कुणाला दिसला नव्हता. यंदा दिसला.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. विहिरी खरवडून झाल्या होत्या, टँकर आला की बायका घागरींपेक्षा आधी आवाज घेऊन धावत होत्या. धरण आटत आटत मधल्या खोलगटात जाऊन बसलं होतं. आणि एका सकाळी सटवाजी भोई गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. मासे धरणारा माणूस, कधी टोपी काढणारा नव्हे. पण त्या दिवशी टोपी हातात होती.

"मालक," तो हळू म्हणाला, "अप्पा वर आले."

*

बातमी उदगीरला बहिणीकडं, नीलाबाईकडं गेली, लातूरला बसवराजकडं गेली. दोघंही आले. नीलाबाई बसनं, बिलोलीला गाडी बदलून, पिशवीत उदगिरी पेढे घेऊन. बसवराज स्वतःच्या जीपनं. लातूर जिल्हा झाल्यापासून बसवराजचा आवाज जरा रुंद झाला होता. नव्या कचेऱ्या, नव्या वसाहती, सगळीकडं बांधकाम, आणि त्या बांधकामांना सिमेंट पुरवणारा बसवराज. त्यानंही घर बांधलं होतं. आत नळ, नळाखाली फरशी.

तो समाधीसाठी आला होता हे खरं. पण अव्वाला, म्हणजे आईला, न्यायला आला होता हे जास्त खरं.

"अव्वा, आता हट पुरे झाला," तो ओसरीवर बसता बसता म्हणाला. "सोमवारी माझ्यासंगं चल. इथं काय हाय? गाळाचं पाणी गाळून पेता."

"अण्णा, आम्ही काय अव्वाला गाळाचं पाजतो का?" माणिकप्पा म्हणाला. "तिच्या वाटणीचं पाणी रुद्राणी उकळून ठेवती."

"ठेवती की. मी कुठं न्हाई म्हणालो? पण कुठवर?"

"अण्णाचं बराबर हाय, माणिक," नीलाबाई बोलली. "माझ्या उदगीरलाबी पाण्याची बोंब हाय, न्हाईतर मीच नेलं असतं. लातूरला दवाखाने हायत. अव्वाचे गुडघे बघ की."

"म्हंजी तुम्ही दोघं बसमधीच ठरवून आलाव."

"हा जीपनं आला आन् मी बसनं. ठरवायला काय वाटेत झेंडे दाखवले का आम्ही?"

रुद्राणी, माणिकप्पाची बायको, चहा घेऊन आली आणि कुणाच्याच बाजूनं न बोलता उभी राहिली. माणिकप्पानं तिच्याकडं पाहिलं. तिनं कपात पाहिलं. ते त्याला टोचलं. अव्वा गेली तर या नव्या शिवणीत आपण नुसते तेल काढणारे उरू, असं त्याला आतून वाटत होतं. पाण्यात बसलेला अप्पा आणि दारात बसलेली अव्वा, या दोघांच्या मधे तो आजवर राहिला होता. एक बाजू उचलली की दुसरी नुसतं पाणी होणार. पण त्याला एक खात्रीही होती. अव्वानं एकदा तो ओटा डोळ्यांनी पाहिला, हातानं शिवला, की ती लातूरचं नाव काढणार नाही.

अव्वा, बसम्मा, भिंतीला टेकून गळ्यातल्या इष्टलिंगाच्या शिवदोऱ्याची गाठ चाचपत बसली होती. तिघांचं बोलून झालं तेव्हा ती म्हणाली, "आधी त्यास्नी बघून येते. मग सांगते."

"बघायला जायचं कसं? चहूकडून गाळ हाय," बसवराज म्हणाला. "परवा म्हैस गेली म्हनं आत."

"मी होडी वल्हवत नेतो की," अंगणातून सटवाजी म्हणाला. "मधी पाणी हाय. ओट्यापतोर होडी लागती."

"वल्ही नकोत," अव्वा म्हणाली. "त्यांच्या इंजनावर जाईन."

मग नीलाबाई हसली. "अव्वा, ते इंजन बंद पडून किती वरसं झाली?"

"तुझ्या अप्पानं साऱ्या गावाला त्या होडीत बसवलं," अव्वा म्हणाली. "जंगमाला बसवलं, तलाठ्याला बसवलं, एक खेप तर नवरदेवाच्या घोड्याला बसवलं. मला न्हाई. माझी सासू म्हणायची, बाईच्या जातीनं इंजनावर बसायचं नसतं. घोड्याच्या जातीनं बसलं तर चालतं. ती गेली, मग तुमचे अप्पा गेले, मग नदीच गेली. आता वल्ह्यावर कशाला जाऊ?"

*

माणिकप्पा इंजिन खोलायला बसला तेव्हा त्याच्या मनात भीती नव्हती. गिरणीचं डिझेल इंजिन तो दर हंगामाला उघडायचा. आणि हे इंजिन तर त्यानं सांभाळलेलं होतं. अप्पा गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला, घाण्याची, तराजूची पूजा झाल्यावर, त्यानं स्वतः विभूती लावून इंजिनाच्या डोक्यावरची ठिणगीची बत्ती, म्हणजे प्लग, काढली होती आणि त्या भोकातून वाटीभर करडीचं तेल आत सोडलं होतं. पहिल्या धारेचं, घरच्या घाण्याचं. त्यानंतर एक खंडेनवमी चुकली नव्हती. बाजारातलं काळं तेल अप्पाच्या इंजिनाला कोण घालणार? तेल आपल्याकडं आहे, आणि आपल्या तेलासारखं तेल नाही.

चाकाला दोर गुंडाळून त्यानं ओढला. चाक तसूभरही हललं नाही. तो पायानं टेका देऊन लोंबकळला. इंजिनच पोत्यासकट सरकलं.

"आतून गंजलंय," बसवराज ओसरीवरून म्हणाला. "पाण्याचं मशीन ते. सोड आता."

"गंजंल कसं? मी तेल घालून राहिलो न दर वरसाला."

त्यानं वरचं झाकण खोललं. आत बघितलं आणि त्याला काही कळेना. गंज नव्हताच. आत मध साठल्यासारखं काहीतरी पिवळं, तांबूस, चकचकीत होतं. बोट लावलं तर घट्ट. नखानं खरवडलं तर लाखेसारखा पापुद्रा निघाला.

रुद्राणी मागं येऊन वाकून बघत होती. तिनं गिरणीतून तेलाचा एक जुना डबा आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. डब्याच्या तोंडाशी, जिथून वर्षानुवर्षं तेल ओतलं गेलं होतं, तिथं तोच तांबूस पापुद्रा होता.

"दर दिवाळीला हे मी विळ्यानं खरवडते," ती म्हणाली. "करडीचं तेल उघडं ऱ्हायलं की वाळतं. तुम्हाला ठाव न्हाई व्हय?"

ठाऊक होतं. तेल्याच्या घरात जन्मलेल्या पोरालाही ठाऊक असतं. करडीचं तेल दाराला लावलं की दार चमकतं, गाडीच्या साट्याला लावलं की पाणी धरत नाही, कारण ते वाळतं. पण जे दाराला कळतं ते देवाला कोण लावून बघतं? त्यानं भक्तीनं, वाटी वाटी करून, बापाच्या इंजिनाचा कंठ बंद करून टाकला होता.

नीलाबाई पोटावर हात धरून हसायला लागली. "अगं आई! ह्यानं इंजनाला दरवरसाला वार्निस मारला!"

बसवराजलाही हसू आवरेना. माणिकप्पाचा चेहरा बघून मात्र नीलाबाई थांबली. ती खाली बसली, पदर खोचला. "बाळंतणीला कसं करतो आपण?" ती म्हणाली. "अंग आखडलं की शेक. घासलेट वतून शेक दे की ह्याला."

"रेशनचं घासलेट हाय, आक्का," रुद्राणी म्हणाली. पण बाटली घेऊनच ती उठली होती.

मग तो सगळा दिवस, रात्र आणि दुसरा अर्धा दिवस इंजिनाचं बाळंतपण चाललं. भोकातून घासलेट आत. विटा चुलीत तापवून, गोणपाटात गुंडाळून डोक्याभोवती. विटा गार झाल्या की नीलाबाई बदलायची आणि इंजिनाला म्हणायची, "सोस बाई, सोस." ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवरची काजळी माणिकप्पानं काडेपेटीच्या खरखरीत बाजूनं घासून काढली. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणारा बुचाचा गोळा कुजला होता. औषधाच्या जुन्या बाटलीचं बूच कोरून त्यानं नवा केला.

दुसऱ्या दुपारी चाकाला हात लावला आणि चाक हललं.

गहू दळताना जात्याची पहिली फेरी जड जाते तसं आधी. मग आणखी जरा. मग आतून चिरकन काहीतरी सुटलं आणि चाक पुरतं फिरलं. माणिकप्पानं झाकण काढून फडक्यानं आतली राळ पुसून घेतली. पुसतो तर काय, त्या पापुद्र्याखाली सिलिंडरच्या नळीची भिंत कोरी होती. घासलेल्या समईसारखी. तिच्यात उन्हाची तिरीप उतरली आणि परत वर आली. इतक्या वर्षांत हवेचा, पाण्याचा, काळाचा एक ओरखडा तिला लागला नव्हता. ज्या तेलानं तिला बांधून ठेवलं होतं, त्यानंच तिला झाकूनही ठेवलं होतं.

"अण्णा," त्यानं हाक मारली. आवाज खालीच आला. "इकडं ये. बघ."

बसवराज आला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. नीलाबाईनं नळीत डोकावून दोन्ही हात जोडले. रुद्राणीनं बोटभर विभूती आणली, पण यावेळी पूजा फक्त बाहेरून केली.

*

"आता एक पिंप पाणी पायजे," माणिकप्पा म्हणाला. "ह्याची मान पाण्यात बुडवून चालवून बघावं लागतं. कोरडं चालवलं तर जळून जाईल."

बसवराज ताडकन उठला. "डोकं फिरलं का? बाया एका घागरीसाठी झिंज्या धरून राहिल्या आन् तू पिंपभर पाण्यात पातं फिरवणार? त्या पाण्याला घासलेटचा वास लागंल, गुरंबी तोंड लावणार न्हाईत."

"मग करू कसं?"

"करूच नको! मी पहिल्यापासून हेच सांगून राहिलो."

"तुला अव्वाला न्यायची घाई हाय म्हणून."

"हाव, हाय घाई! माझी आई हाय ती."

"आन् माझी कोण हाय?"

भांडण गल्लीत ऐकू जायच्या बेताला आलं तेव्हा रुद्राणी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "पाणी इथं कशाला आणता? इंजनच पाण्याकडं न्या की. तिकडं धरण हाय न सारं."

दोघे भाऊ एकमेकांकडं बघत राहिले. नीलाबाई म्हणाली, "एवढी दोन बैलं भांडत होती, आन् कासरा हिच्या हातात."

तिढा राहिला पेट्रोलचा. शिवणीत पेट्रोल नव्हतं; होतं ते बसवराजच्या जीपमधे. ते मागायची माणिकप्पाची जीभ उचलेना. नीलाबाई सरळ जीपपाशी गेली, टाकीचं झाकण उघडलं आणि रबरी नळी बसवराजच्या हातात दिली. "वढ," ती म्हणाली.

"नीला, तू माझ्या बाजूनं आली व्हतीस."

"बाजू-बिजू सोड. अव्वाला एकदा त्या होडीत बसू दे. मग ने लातूरला, न्हाईतर मुंबैला ने."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं गाव धरणावर आलं. धरण म्हणायचं नावाला. भेगाळलेल्या काळ्या मातीचं मैलभर पसरलेलं पत्र्यासारखं रान, आणि मधे आभाळाचा एक तुकडा पडल्यासारखं पाणी. सटवाजीनं गाळावर पऱ्हाट्या आणि पोती पसरून वाट केली होती. अव्वाला खुर्चीवर बसवून दोघा गड्यांनी उचललं. होडीच्या मागच्या फळीला इंजिन आवळलं, मान पाण्यात सोडली, पेट्रोलमधे मोबिल तेल मिसळून टाकीत ओतलं.

माणिकप्पानं दोर गुंडाळला आणि ओढला. फुस्स. पुन्हा ओढला. फुस्स. त्याचे तळहात सोलवटले, सदरा पाठीला चिकटला.

"मालक, हे इंजन हाय का रुसून माहेरी आलेली सून?" सटवाजी म्हणाला. काठावरचे लोक हसले.

नीलाबाईनं बत्तीला ठिणगी आहे का बघायला हात लावला आणि "अय्यो!" म्हणून बोटं झाडत मागं सरली. "जित्तं हाय गं बाई! चावलं मला!"

बसवराज इतका वेळ काठावर बूट घालून उभा होता. त्याच्या तोंडावर काय चाललं होतं ते माणिकप्पाला कळेना. मग त्यानं बूट काढले. विजार गुडघ्यापर्यंत वर केली, पोत्यांवरून चालत आला, होडीत चढला आणि म्हणाला, "सरक."

त्यानं दोराची गाठ सोडली, उलटी होती ती सुलटी केली. चाकाच्या खाचेत बसवली. दोर हळूहळू ओढत आणला, आत कुठंतरी अडला तिथं थांबला. डोळे मिटले. त्या पोट सुटलेल्या, केस पिकत चाललेल्या माणसाच्या खांद्यातून एकदम एक पोरगा बाहेर आला, धुक्यातला, अप्पाच्या पुढ्यातला. आपण तेव्हा काठावर होतो आणि हा त्या आवाजाच्या आत होता, हे माणिकप्पाला आज कळत होतं.

बसवराजनं दोर ओढला.

एक ठसका. निळा धूर. पुन्हा गुंडाळला, पुन्हा ओढला. दुसरा ठसका. आणि मग—

मग काय झालं ते गावातल्या म्हाताऱ्यांनी पुढं ज्यानं-त्यानं आपापल्या परीनं सांगितलं. कुणी म्हणालं जमीन हादरली. कुणी म्हणालं मासे उडाले. खरं एवढंच की त्या मुक्या, भेगाळल्या, पाखरानंही सोडून दिलेल्या रानात एक आवाज उठला आणि उठतच राहिला. तो पाण्यावरून गेला, धरणाच्या भिंतीला लागला, परत आला. पातं फिरलं, मागं पांढरा फेस फुटला, मानेच्या भोकातून इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार उडायला लागली. "माणिक, धार बघ, धार!" बसवराज ओरडत होता. काठावरच्या बायकांनी डोक्यावरच्या घागरी खाली ठेवल्या आणि हात जोडले. सटवाजीनं पुन्हा टोपी काढली.

*

होडीत पुढं बांबू घेऊन सटवाजी, मधे अव्वा आणि नीलाबाई, मागं दोघे भाऊ. माणिकप्पाच्या हातात दांडा होता आणि त्या दांड्यातून इंजिनाची थरथर त्याच्या खांद्यापर्यंत येत होती. अव्वानं होडीची कड दोन्ही हातांनी धरली होती. वाऱ्यानं तिचा पदर मागं पडला. लग्नानंतर कधी पुरुषांसमोर न पडलेला तो पदर तिनं पडू दिला.

पुढं पाणी निवळ होत गेलं. आधी एका भिंतीचं टोक आलं. मग खाली बघतात तर गल्ली. खरीखुरी गल्ली, दोन्ही बाजूंना दगडी जोती, एका दाराचा उंबरा, उंबऱ्यावर शेवाळाची हिरवी झूल. देवळाच्या पायऱ्या खाली खाली जात अंधारात उतरल्या होत्या. विहिरीचा गोल काठ पाण्याच्या आत होता, पाण्यात बुडालेली विहीर. आणि घाणा. त्यांच्या घाण्याचं दगडी उखळ, जागचं न हललेलं, त्याच्या पोटात मासोळ्यांचा एक थवा बैलासारखा गोल गोल फिरत होता. माणिकप्पानं इंजिन मंद केलं. मोठ्यानं चालवणं त्याला पायातल्या वहाणांनी देवळात शिरल्यासारखं वाटलं.

नीलाबाई होडीबाहेर वाकून बघत होती. जात्यावर बसल्यासारखं तिच्या तोंडून आपसूक आलं:

पान्याच्या पोटामंदी, माज्या सासऱ्याचं दार,
मासोळी सून झाली, तीच सारवीती घर.

"सासऱ्याचं न्हाई, बापाचं," ती स्वतःच म्हणाली. "पण ओवीत सासऱ्याचंच येतं बाई तोंडात." आणि तिचे डोळे भरले.

ओटा उंचवट्यावर होता. होडी लागली. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता आली ती कानाला दुखली. काळा दगड वाळलेल्या गाळानं पांढुरका झाला होता, सांध्यासांध्यात शिंपले बसले होते. अव्वा दोघा लेकांच्या आधारानं उतरली, मग त्यांचे हात सोडले. ओंजळीनं पाणी घेऊन तिनं दगड धुतला, पदरानं पुसला. कोरलेलं लिंग वर आलं, कालच टाकीनं कोरल्यासारखं. एक कड झिजली नव्हती. तिनं विभूती लावली, वाळत चाललेल्या बेलाची पानं वाहिली. मग नुसती बसली. दोघे भाऊ मागं उभे होते. बसवराजनं कधी माणिकप्पाच्या खांद्यावर हात ठेवला ते दोघांनाही कळलं नाही. एवढं मोठं पाणी एवढी वर्षं त्या माणसाच्या डोक्यावरून गेलं होतं, आणि तो बसला होता तसाच बसला होता.

आता ती हलायची नाही, माणिकप्पाच्या मनात आलं. लातूर संपलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्या जागी आनंदसुद्धा आवाज न करता उभा राहिला.

परतताना बसवराजनं पहिल्याच ओढीला इंजिन चालू केलं. पाण्याच्या मधोमध आल्यावर अव्वानं हात वर केला.

"बंद कर रे ते."

माणिकप्पानं बंद केलं. होडी थोडी पुढं घसरली आणि थांबली. अव्वा त्या दोघांकडं वळून बसली.

"बसव, मी येते लातूरला."

माणिकप्पाच्या तोंडून "अव्वा" एवढंच निघालं.

"तुझ्यावर रुसून न्हाई रे माणिक. रुद्राणीनं मला लेकीवानी ठेवलं. नळासाठी न्हाई, दवाखान्यासाठीबी न्हाई." तिनं पाण्याकडं एकदा बघितलं. "दर पावसाळ्याला धरण भरायचं. गाव साखर वाटायचं. मीबी वाटायची, हसून वाटायची. आन् मनात म्हणायची, आणिक हातभर खाली गेले ते. कुणाला सांगू? ज्या पाण्यावर सारं गाव जगतं त्याला वंगाळ कसं म्हणू? न्हाई बोलले. सकाळी दार उघडलं की पाणी, सांजेला दिवा लावला की पाणी. आज त्यास्नी बघितलं. ते बसलेत, बरे बसलेत. आता मला ऱ्हायलेले दिवस अशा घरात काढायचेत, जिथनं पाणी दिसत न्हाई."